करारातली ती एक ओळ

प्रिय मित्रा,

‘जागेत धूम्रपान करणार नाही’ ही ओळ घरमालकांनी करारात घातली म्हणून तू चिडला आहेस. भाडं मी भरतो, मग चार भिंतींच्या आत काय करायचं ते माझं मी ठरवेन, असं तुझं म्हणणं. त्यातलं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यापायी डिपॉझिट अडकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने बंदी घातली ती सार्वजनिक ठिकाणी. त्याचे सध्याचे नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू आहेत आणि दंड 200 रुपयांपर्यंत आहे. राहतं घर त्यात येत नाही. पण सरकारने मनाई केली नाही म्हणून मालकाला मनाई करता येत नाही, असं होत नाही. तू करतोयस तो लिव्ह अँड लायसन्सचा करार. त्यात तुला मिळते ती जागा वापरायची परवानगी, आणि परवानगीला अटी घालता येतात. सही केलीस की अट तुझी झाली. म्हणून घासाघीस करायची ती सहीआधी.

त्या ओळीत खरी खोट आहे ती ‘जागेत’ या शब्दात. बाल्कनी जागेत धरायची का? गच्ची? पार्किंग? आणि अट मोडली तर काय, नुसती ताकीद, रंगाचा खर्च की सगळं डिपॉझिट? हे मोघम राहिलं की जागा सोडताना भांडण ठरलेलं. ओळ अशी करून माग: ‘खोल्या, स्वयंपाकघर व बाथरूममध्ये धूम्रपान करणार नाही, बाल्कनीत मुभा राहील, धुरामुळे वा चटक्यामुळे नुकसान झाल्यास दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च बिल दाखवून डिपॉझिटमधून वजा होईल.’ मालक घर बघायला येतील तेव्हा आदल्या दिवशी कळवून येतील, हेही तिथेच घाल. एजंटकडून मसुद्याची पीडीएफ एक दिवस आधी मागव. करार नोंदवताना मशीनवर अंगठा ठेवायच्या वेळी कुणी काही वाचत नाही.

करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. लेखी, नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. ही तरतूद तुझ्या बाजूची आहे, पण तिच्या भरवशावर राहू नकोस. कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा चार ओळी नीट लिहून घेणं स्वस्त पडतं.

मालकांची भीती खोटी नाही, हेही बघ. सिगारेट ओढणाऱ्याच्या खोलीतली वर्षभर टांगलेली तसबीर काढून पाहा. खाली पांढरा चौकोन, भोवती पिवळट भिंत. तो चिकट थर पाण्यात सुटतो, म्हणून त्यावर थेट पाण्यातला रंग मारला की डाग वर फुटतात आणि पेंटर म्हणतो ‘अजून एक हात लागेल’. खरं काम वेगळं आहे: गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने भिंत पुसायची, पूर्ण वाळवायची, ऑइल प्रायमरचा एक हात द्यायचा, मग रंगाचे दोन. त्यात गादी आणि पडदे आलेच. स्प्लिट एसी तर खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही. धूर त्याच्या कॉइलवर बसतो आणि पुढचा भाडेकरू एसी लावतो तेव्हा वास परत येतो. लपून ओढेन, खिडकी उघडी ठेवेन, हा विचार सोड. न ओढणाऱ्याला दारातच कळतं.

बाथरूममध्ये एक्झॉस्ट लावून ओढणं त्याहून वाईट. आपल्याकडच्या इमारतींत तो पंखा बहुधा सामाईक डक्टमध्ये उघडतो, आणि धूर वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये निघतो. तिथे तान्हं मूल असेल, दम्याचे आजोबा असतील. तुझं स्वातंत्र्य मला महत्त्वाचं वाटतं, पण धूर डक्टमध्ये शिरला की तो फक्त तुझा राहत नाही.

बाल्कनीची मुभा मिळाली तरी वरच्यांशी आपणहून बोल. जर्मनीत असाच वाद थेट तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात गेला होता. जानेवारी 2015 मध्ये न्यायालयाने सांगितलं की धुराचा त्रास लक्षणीय असेल, तर दोघांनाही बाल्कनी वापरता यावी म्हणून वेळा वाटून घ्याव्यात. कोर्टाविना हे तुम्हाला जिन्यातच ठरवता येईल: कपडे वाळत असतात तोवर नाही, रात्री त्यांच्या खिडक्या उघड्या असताना नाही. थोटकं खाली टाकायची नाहीत, कुणाच्या छज्ज्यावर नाही की कुंडीत नाही. स्टीलच्या डब्यात दोन बोटं वाळू ठेव आणि तीत दाबून विझव. कागदाच्या केरात पडलेलं थोटूक आत धुमसत राहतं आणि सगळे झोपल्यावर पेटतं.

व्हेप हा तोडगा सुचवू नकोस. 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, आयात आणि साठा या तिन्हींवर बंदी आहे. सोडायचं मनात असेल तर 1800-11-2356 ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

रूममेट दोघे न ओढणारे आहेत ना? डिपॉझिट तिघांचं एकत्र आहे, तेव्हा धुराचं नुकसान तुझ्या वाट्यातून जाईल हे त्यांना आजच मेसेजवर लिहून दे. किल्ली मिळाली की सामान चढवायच्या आधी फोटो काढ: चारही भिंती, छत, पंख्याची पाती, एसीची जाळी, गादीच्या दोन्ही बाजू, ओट्याची कड. आधीचा चटका दिसला तर जवळून घे. सगळे त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअॅपवर पाठव, म्हणजे तारीख आपोआप राहते.

आणि मालक बाल्कनीलाही नाही म्हणाले, तर हिशोब कर. चौथा मजला, दिवसाला आठ सिगारेटी, आठदा गेटबाहेर. रात्री अकरानंतर पावसातही. जमेल असं मनापासून वाटलं तरच सही कर, नाहीतर दुसरं घर बघ. अंगठा शनिवारी आहे म्हणालास, तेव्हा मालकांना उद्याच फोन लाव.

तुझा,
काका