आधी ‘कधी’ विचार

तुझं पत्र दोनदा वाचलं. मुलीची उंची वाढत नाही म्हणून आलेल्या त्या बाईंनी निघता निघता दारात थांबून विचारलं, “हे माझ्यामुळे झालं का हो?” आणि तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मग रात्री बसून पुस्तकं चाळलीस. एकात सगळं जनुकांवर, दुसऱ्यात सगळं गर्भाशयावर. शेवटी मला लिहिलंस, “जनुकांचे नक्की किती टक्के धरायचे?”

टक्के धरू नकोस. कधी झालं, ते विचार.

माणसामाणसांच्या उंचीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ८० टक्के आनुवंशिक असतो हे खरंच आहे. २०२२ साली ५४ लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उंचीशी नातं असलेले १२,१११ बारीक फरक सापडले. पण हे ८० टक्के समूहातल्या फरकाचे आहेत. तुझ्यासमोर उभ्या असलेल्या एका मुलीचे नाहीत. तिच्या ९० सेंटिमीटरांतले ७२ जनुकांचे आणि १८ बाकीचे, अशी वाटणी करता येत नाही. हे तुला परीक्षेपुरतं पाठ आहे, तरी तू तीच वाटणी करायला बसलीस. मला राग येतो तो त्याचा. कारण मीही तेच केलं होतं.

एक तीन वर्षांची मुलगी आली होती. तिच्या टाचा मी स्वतः पट्टीला टेकवल्या, हनुवटीखाली हात धरून मान सरळ केली, आकडा लिहिला. वाढीच्या तक्त्यावरच्या सर्वांत खालच्या रेषेच्याही खाली ठिपका पडला. आईने हेच विचारलं, शब्द थोडे वेगळे असतील. मी आईबापांच्या उंचीकडे पाहिलं आणि म्हटलं, “ऐंशी टक्के जनुकांचं असतं, तुमच्या घराण्यातच आहे.” त्या उठून गेल्या. मुलगी पुन्हा दिसली तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

पूर्ण दिवसांची असूनही ती जन्मतः २.१ किलोची होती. अशी लहान जन्मलेली बहुतेक बाळं पहिल्या दोन वर्षांत झेप घेऊन बरोबरीला येतात. दहातलं एखादं येत नाही. त्या मुलांना वाढीच्या हार्मोनचा उपयोग होतो, आणि जितकं लवकर द्यावं तितका जास्त. तिची सहा वर्षं गेली.

आकडा चुकीचा नव्हता. आईबाप दोघंही ठेंगणे होते. त्या सकाळी बाहेर रांग होती आणि माझ्या जागी कोणीही तेच म्हटलं असतं. हे मी आजही स्वतःला सांगते, आणि तुलाही सांगते, कारण ते खरं आहे. तरी तिच्या जन्माचा कागद त्या बाईंच्या पिशवीत होता आणि मी तो मागितला नाही. ही मुलगी मागे पडली कधी? पोटात, की जन्मल्यानंतर? पोटात तर कितव्या महिन्यात? एवढंच विचारायचं होतं.

म्हणून म्हणते, कधी ते विचार.

घोड्यांची गोष्ट तुला ठाऊक नसेल तर ऐक. १९३८ साली वॉल्टन आणि हॅमंड यांनी धिप्पाड शायर घोडे आणि छोटी शेटलंड तट्टं यांचा कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी संकर केला. एकदा आई शायर, एकदा आई शेटलंड. दोन्हीकडच्या शिंगरांना निम्मी जनुकं शायरची, निम्मी शेटलंडची. तरी शायर आईच्या पोटची शिंगरं जन्मतः शेटलंड आईच्या शिंगरांच्या जवळजवळ तिप्पट भरली. जन्माच्या घटकेला आईच्या पोटात जागा आणि पोषण किती मिळालं ते बोलतं. पुढे अंतर कमी झालं, पण पुरतं मिटलं नाही. आता सांग, इथे जनुकांचे टक्के किती? जन्माच्या दिवशी विचारशील तर एक उत्तर, दोन वर्षांनी विचारशील तर दुसरं. माणसाच्या बाळाचंही असंच. म्हणून तर पहिल्या दोन वर्षांत कितीतरी बाळं तक्त्यावरची आपली रेषा बदलतात, आणि नवे आईबाप उगाच घाबरतात.

थॅलिडोमाइडचं तर तू शिकली आहेस. १९५७ साली बाजारात आलेलं झोपेचं औषध, १९६१ मध्ये मागे घेतलं, तोवर दहा हजारांवर मुलं व्यंग घेऊन जन्मली होती. पण वर्गात शिकवताना एक गोष्ट घाईत निसटते. गर्भधारणेनंतरच्या साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांत ते घेतलं तरच हातपाय खुंटायचे. आधी कानांची पाळी, मग हातांची, मग पायांची. हे दिवस उलटून गेल्यावर त्याच गोळीने हातपायांना काही होत नसे. आई तीच, गोळी तीच.

आणि नेदरलँड्स. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम भागात उपासमार झाली, रोजचा शिधा हजार कॅलरींच्याही खाली गेला. ज्यांच्या आयांचे शेवटचे महिने त्यात गेले, ती बाळं हलकी जन्मली. ज्यांच्या आयांचे फक्त सुरुवातीचे महिने त्यात गेले, त्यांचं वजन नेहमीसारखं भरलं, काट्यावर काही कळलं नाही. पण पन्नाशीत हृदयविकार त्यांच्यात जास्त निघाला. सुमारे साठ वर्षांनी तपासलं तेव्हा वाढीशी संबंध असलेल्या आयजीएफ-२ या जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा कमी होत्या. उपासमारीने जनुकाची अक्षरं बदलली नव्हती, वरच्या खुणा बदलल्या होत्या. हे वाचल्यावरही “जनुकं की गर्भाशय” असं कोणी विचारलं, तर माझा संयम सुटतो. तुझ्यावरही सुटला, त्याबद्दल माफ कर.

त्या बाईंच्या प्रश्नाकडे येते. तू गप्प राहिलीस ते माझ्या ऐंशी टक्क्यांपेक्षा बरं झालं, हे मनापासून सांगते. त्यांना वाटतंय की आपण काहीतरी खाल्लं, उचललं, धावपळ केली. अशा वेळी “कधी” हा प्रश्न आईच्या डोक्यावरचं ओझं उतरवतो. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास बंद होते, तेव्हा बऱ्याच जणींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. म्हणूनच फॉलिक ॲसिड आधीपासून घ्यायला सांगतात. एकविसावं गुणसूत्र जादा आलं असेल, म्हणजे डाउन सिंड्रोम असेल, तर चूक बहुधा बीजांड तयार होतानाची असते, आणि ते बीजांड घडायला लागतं आई स्वतः तिच्या आईच्या पोटात असताना. त्यात कुठली बाई कुठे चुकणार? उलट कधी कधी खरंच काही हाती लागतं. शेवटच्या महिन्यांत वार नीट काम करत नव्हती, रक्तदाब चढलेला होता, असं काही. तेही त्यांना सांगायलाच हवं. त्यात त्यांचा दोष नसतो, आणि मुलाची पुढची तपासणी त्यावर ठरते.

बाळ किती आठवड्यांचं जन्मलं, वजन किती, डोक्याचा घेर किती, हे विचार. सोनोग्राफीचे जुने कागद घरी असतील, ते घेऊन यायला सांग. विसाव्या आठवड्याचा आणि बत्तिसाव्या आठवड्याचा कागद शेजारी शेजारी ठेव, मग जन्मानंतरचे ठिपके एकेक करून स्वतःच्या हाताने तक्त्यावर मांड. त्या बाईंना शेजारी बसवून मांड. आणि रेषा कुठे वाकली ते मला लगेच कळव, मी वाट पाहते आहे.