ब्राझीलमधलं सोयाबीन उत्पादन पुढे वाढेल की घटेल?

कल वाढीचाच आहे. 2023-24 मध्ये एल निनोमुळे मातो ग्रोसो या राज्यात पाऊस रुसला, पीक घटलं. पण 2024-25 मध्ये सगळ्या ब्राझीलमध्ये मिळून सुमारे 17 कोटी टनांचा विक्रम झाला. भारताचं सगळं सोयाबीन साधारण सव्वा कोटी टन, म्हणजे तुलनाच नको!

पेरा वाढायला जागा आहे, कारण जुनी निकस कुरणं सोयाबीनखाली येत आहेत. शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेलं सोयाबीन जानेवारीपासून निघतं आणि त्याच रानात लगेच मका पडतो. पेरणीआधी साधारण तीन महिने शेतात सोयाबीनचं एकही हिरवं रोप ठेवायचं नाही, असा तिथे कायदा आहे, तांबेरा हा बुरशीचा रोग रोखण्यासाठी. मला हे फार आवडतं.

धोका दक्षिणेत. रियो ग्रांदे दो सुल हे राज्य कधी दुष्काळात, तर 2024 च्या मे महिन्यासारखं पुरात. दुसरं म्हणजे गिऱ्हाईक: निर्यातीतला बहुतांश माल एकटा चीन घेतो.

लातूरच्या बाजारात भाव का पडतो, याचं एक उत्तरही इथेच आहे. ब्राझील-अर्जेंटिनाचा माल मुबलक झाला की जगात पेंड, म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, स्वस्त होते आणि आपल्या पेंडेला परदेशात उठाव राहत नाही. मग इथल्या सोयाबीनचा भावही खाली येतो.