पहिला अल्बम तयार आहे, पुण्यात कॅबरेचे तीन शो करायचे आहेत. आधी काय काढू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही कॅबरेच्या ढंगाची (छोट्या मंचावर, प्रेक्षकांशी बोलत, टोमणे मारत म्हणायची) मराठी गाणी गाता, अल्बम रेकॉर्ड होऊन पडून आहे (सहा गाणी स्वतःची, दोन जर्मन नाटककार ब्रेश्त आणि संगीतकार वाइल यांची मराठीत केलेली, एक जुनं मराठी चित्रपटगीत), पुण्यात तीन शो घ्यायचे आहेत आणि जो तो सांगतोय की आधी गाणी ऑनलाइन टाक, लोक आपोआप येतील. मी प्रायोगिक नाटकांना आणि छोट्या मैफलींना साउंड देते, त्यामुळे हे उत्तर मिक्सरमागच्या खुर्चीतून आहे. आधी शो करा. निदान पहिले दोन. अल्बम तिसऱ्याच्या तोंडावर काढा.

'आधी गाणी टाक' हा सल्ला चुकीचा नाही, पण तो बँडवाल्यांसाठी आहे. त्यांच्या शोला येणाऱ्याला गाणं पाठ असतं, तो बरोबरीने ओरडायला आलेला असतो. तुमच्या शोला आलेल्या माणसाला पुढची ओळ माहीत नसणं हेच तुमचं भांडवल. दोन गाण्यांच्या मध्ये तुम्ही जे बोलता, ज्याच्याकडे बघून बोलता, त्यावर पुढच्या गाण्याचा अर्धा अर्थ उभा असतो. ते बोलणं अल्बममध्ये नाही. मग घरी भांडी घासताना ऐकणाऱ्याला ते गाणं नुसतं विक्षिप्त वाटतं, आणि विक्षिप्त वाटलेल्या गाण्यासाठी कोणी शनिवारी संध्याकाळी कर्वे रोडचं ट्रॅफिक सोसत नाही.

मागे एका गायिकेच्या शोला मी होते. गाणं वधू-वर सूचक मंडळात फॉर्म भरणाऱ्या बाईचं. 'अपेक्षा' या रकान्यापाशी ती थांबायची आणि पहिल्या रांगेत कोणाकडे तरी टक लावून बघायची. त्या दिवशी समोर एक गृहस्थ मांडीवर हेल्मेट घेऊन बसले होते. तिने बघितल्यावर त्यांनी हेल्मेट या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवलं, बस्स. हसू मागच्या रांगेतून सुरू झालं आणि पुढे आलं. ती हसू ओसरेपर्यंत थांबली आणि पुढची ओळ जवळजवळ कुजबुजली. मी तिचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची कळ) बोटभर वर केला, श्वाससुद्धा ऐकू गेला. पुढे तेच गाणं तिच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं. थांबणं तेवढंच ठेवलं होतं. मला वाटलं, फोनचं नेट गेलं.

तेव्हा शो ठरवायच्या आधी तुमचा अल्बम एकदा हेडफोन लावून, डोळे मिटून ऐका. जिथे स्टेजवर तुम्ही बघता, भुवई उडवता, खुर्ची ओढता, तिथे रेकॉर्डिंगमध्ये नुसतं भोक पडलं असेल. ती भोकं कापा किंवा पियानोने भरा. नाहीतर मला जास्त आवडणारा मार्ग म्हणजे पहिले दोन शो मल्टिट्रॅक (प्रत्येक माइक वेगळा) रेकॉर्ड करा आणि अल्बममधली दोनेक गाणी तिथली घ्या. हल्ली हे अवघड नाही. बेरिंजरच्या एक्सआर-१८ सारख्या छोट्या डिजिटल मिक्सरमधून सगळे चॅनल यूएसबीने थेट लॅपटॉपवर उतरतात. फक्त दोन जास्तीचे माइक प्रेक्षकांकडे तोंड करून लावायला सांगा. हे नेहमी राहून जातं आणि मग लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये गायिका रिकाम्या हॉलमध्ये गातेय असं वाटतं. रेकॉर्डिंग चालू आहे हे सुरुवातीला जाहीर करा, त्यातच एक विनोद बसतो.

आता जागा. बालगंधर्वचा मोह टाळा. हजाराच्या आसपास खुर्च्या आहेत, दोनशे माणसं आली तरी सभागृह ओस दिसतं, आणि कुजबुज बाल्कनीपर्यंत न्यायची तर ती कुजबुज राहत नाही. शिवाय महापालिकेच्या नाट्यगृहांच्या तारखा बऱ्याच आधी वाटल्या जातात, नवख्या माणसाला शनिवार-रविवारची संध्याकाळ मिळणं कठीण. पहिले दोन शो शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर, एरंडवण्यातल्या द बॉक्समध्ये किंवा हिराबागेतल्या श्रीराम लागू रंग-अवकाशमध्ये करा. तिथला प्रेक्षक वेगळं काही बघायचं म्हणूनच आलेला असतो आणि तुमच्यात नि त्याच्यात चार पावलांचं अंतर असतं. तिसरा, अल्बमचा शो, ज्योत्स्ना भोळे सभागृहासारख्या जरा मोठ्या जागी चालेल. कोरेगाव पार्कातल्या कॅफेंकडून बोलावणं येईल. टेबलं, मंद दिवे, सगळं कॅबरेला शोभणारं असतं हे कबूल, पण नेमक्या शांत ओळीला काउंटरवर मिक्सर फिरतो. जायचं तर चौथ्या शोला, हात बसल्यावर जा. गच्चीवर किंवा उघड्यावर असेल तर रात्री दहानंतर स्पीकर बंद, तेव्हा सातला सुरू करा, साडेआठला नाही.

तारीख ठरवताना पंचांग आणि पेपर दोन्ही बघा. गणेशोत्सवात पेठांमध्ये कोणी गाडी आणू शकत नाही, पालखी मुक्कामाला असते ते दिवस सोडा, आणि डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या आठवड्यात गाणं ऐकणारं अर्धं पुणं मुकुंदनगरात असतं.

हॉलवर गेल्यावर पियानो असेल असं समजू नका, नसतोच. अठ्ठ्याऐंशी वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो भाड्याने घ्या, तो डीआय बॉक्समधूनच (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) जोडा, आणि साउंडची वीज लाइटच्या डिमरपासून वेगळ्या फेजवर मागा. दिवे मंद करताना स्पीकरमधून जी गुणगुण येते ती बहुतेक डिमरचीच असते, आणि तुमच्या कार्यक्रमात दिवे मंदच असणार. माइक हातातला घ्या. गालाला चिकटवलेला माइक नाटकाला ठीक आहे, पण हातातला माइक लांब-जवळ करता येतो, त्याच्यामागे तोंड लपवता येतं, तो एखाद्या काकांच्या हातात देता येतो. एक साधी पेटी बरोबर ठेवलीत तर उत्तमच. पियानोवर ऐकून झालेली चाल पेटीवर आली की पुण्याचा प्रेक्षक सावरून बसतो.

आणि या प्रेक्षकाला हा प्रकार झेपेल का, ही भीती मनातून काढा. ब्रेश्त-वाइलचं जे संगीत-नाटक १९२८ मध्ये बर्लिनला आलं, त्याचं पु. ल. देशपांड्यांनी केलेलं मराठी रूप 'तीन पैशाचा तमाशा' १९७८ मध्ये पुण्याच्याच थिएटर अकादमीने केलं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. तमाशातल्या बतावणीत तरी वेगळं काय चालतं? बोलता बोलता टोमणा, टोमण्यातून गाणं, गाण्यातून पुन्हा समोरच्याची फिरकी. आपल्याला हे शिकवावं लागत नाही.

हक्कांचं मात्र नीट बघा, कारण अल्बम सगळ्यात जास्त इथे अडकतात. भारतात शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजून. वाइल १९५० मध्ये वारले, त्यांच्या चाली २०१० संपताना इथे मोकळ्या झाल्या. ब्रेश्त १९५६ मध्ये, म्हणजे त्यांचे शब्द २०१६ संपताना. शोपुरतं एवढं पुरे. पण अल्बम जगभर जातो आणि युरोपात मुदत ७० वर्षं आहे. तिथे एकमेकांसाठी केलेले शब्द आणि चाल या दोन्हींची मुदत दोघांत शेवटी वारलेल्यापासून मोजतात, म्हणजे ब्रेश्त-वाइलची गाणी २०२६ संपेपर्यंत मोकळी नाहीत. त्याआधी काढत असाल तर डिस्ट्रिब्युटरच्या (गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्ममध्ये ठरावीक देश वगळायची सोय असते, ती वापरा. आणखी एक खाच: ब्रेश्तच्या कामात एलिझाबेथ हाउप्टमानसारख्या सहकाऱ्यांचाही हात होता आणि त्या १९७३ मध्ये वारल्या. ज्या गाण्यावर दोन कर्त्यांची नावं असतील तिथे शेवटी वारलेल्यापासून मोजतात. मराठी करताना इंग्रजी अनुवाद समोर होता का? असेल तर त्या अनुवादकाचा हक्क वेगळा. आणि पुलंच्या ओळी चुकूनही उचलू नका, त्यांचा हक्क २०६० संपेपर्यंत आहे.

ते चित्रपटगीत अल्बममधून काढा. कायद्यात कव्हरसाठी, म्हणजे जुनं गाणं नव्याने रेकॉर्ड करण्यासाठी, तरतूद आहे (कलम ३१सी), पण मूळ रेकॉर्डिंगनंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली हवीत, आधी नोटीस आणि आगाऊ रॉयल्टी द्यावी लागते, रॉयल्टी दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची धरतात, आणि परवानगीशिवाय गाण्यात बदल चालत नाही. तुम्ही तर गाण्याचा चेहराच बदलला असणार, तोच तर मुद्दा. पहिल्या अल्बमला हे लचांड कशाला? ते गाणं शोमध्ये गा, त्यासाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना घ्या, आणि प्रेक्षकांना सांगा की हे फक्त इथेच मिळेल. तिकीट घेतल्याचं समाधान होतं त्यांना.

स्वतःच्या सहा गाण्यांत शब्द किंवा चाल दुसऱ्या कोणाची असेल तर आत्ताच कागदावर लिहून घ्या, मैत्री आहे तोवर. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा तसाही सहजासहजी सही करून काढून घेता येत नाही. शब्द-चाल तुमचे असतील तर आयपीआरएसचं सभासदत्व घ्या, आणि गायिका म्हणून इसामराचीही (गायक-वादकांच्या हक्कांची संस्था, पूर्वीची इस्रा) चौकशी करा.

निवेदन लिहिलेलं असेल, त्यात पात्र असेल, तर हॉलवाले त्याला नाटकाचा प्रयोग समजू शकतात. मग रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मागतील. संहिता वेळेत पाठवून ठेवा, शेवटच्या आठवड्यात धावाधाव नको.

अल्बम काढायचं तंत्र त्या मानाने सोपं आहे. शुक्रवार धरा, २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारीच निघतं. डिस्ट्रिब्युटरकडे चार आठवडे आधी चढवा, कारण स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी गाणं किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची ओळखखूण) लागतो, तो बहुतेक डिस्ट्रिब्युटर देतात. नावाचं एकच स्पेलिंग ठरवा आणि सगळीकडे तेच टाका, नाहीतर तुमच्या नावाची दोन पानं तयार होतात आणि अर्धी गाणी दुसऱ्याच पानावर बसतात. मास्टरिंग करणाऱ्याला सांगा की दाबून सपाट करू नको. स्पॉटिफाय नाहीतरी आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास आणतं. तुमची कुजबुज आणि तुमची आरोळी यांच्यात अंतर राहू दे.

ऑनलाइन पैशाची आशा ठेवू नका. वर्षभरात हजार स्ट्रीम न झालेल्या गाण्याला स्पॉटिफाय काहीच देत नाही. पैसे तिकिटात आहेत. प्रवेश ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. छोट्या जागेला तीनशे आणि अल्बमच्या शोला ४९९ ठेवा. त्याबरोबर एक छोटी पुस्तिका छापा: गाण्यांचे शब्द, दोन फोटो, मागच्या पानावर अल्बमचा क्यूआर कोड. सीडी वाजवायला आता कोणाकडे यंत्र नाही, पण छापलेले शब्द पुणेकर विकत घेतो आणि मग चुकाही काढतो. क्यूआर हॉलच्या आत लावू नका, आत रेंज नसते. मध्यंतरात चहाची रांग लागते तिथे लावा, लोकांना करायला काहीतरी हवंच असतं.

राहिले पास. पोस्टर पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लांबचे नातेवाईक आणि जवळचे रसिक 'पास आहेत का?' विचारू लागतील. पहिल्या शोला पास फक्त वादकांच्या घरच्यांना. बाकीच्यांना तिकिटाची लिंक पाठवा, वर हात जोडलेले.