कोर्टालाच प्रतिवादी करणारी वकील

वाचक विचारतात : जिल्हा न्यायालयात वर्षानुवर्षं वकिली केलेल्या आमच्या वकीलताई या महिन्यातल्या पत्रांना उत्तरं देत आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात इंदिरा जयसिंग यांच्याविषयी बोलायचं आहे. जिथे बघावं तिथे 'पहिली महिला अमुक, पहिली महिला तमुक' एवढंच सापडतं. त्यांचं धाडस नेमकं कशात आहे?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : पहिलेपणाची यादी मीच एका दमात सांगून टाकते, म्हणजे तुझ्या डोक्यातून ती जाईल. जन्म मुंबईचा, १९४०चा. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली सीनियर, म्हणजे ज्येष्ठ वकील, केलेल्या पहिल्या महिला वकील. २००९ साली देशाच्या पहिल्या महिला अतिरिक्त सॉलिसिटर जनरल, म्हणजे कोर्टात केंद्र सरकारची बाजू मांडणाऱ्या बड्या वकील. यातलं काहीही भाषणात आलं नाही तरी चालेल.

त्याऐवजी एका खटल्याचं नाव पाठ कर : 'इंदिरा जयसिंग विरुद्ध भारताचे सर्वोच्च न्यायालय'. ज्या न्यायमूर्तींपुढे उद्या आपल्या अशिलासाठी उभं राहायचं आहे, त्यांच्याच न्यायालयाला प्रतिवादी करून बाईंनी २०१५ साली याचिका लावली. वकिली न केलेल्या माणसाला याचं वजन चटकन कळायचं नाही. जिल्हा कोर्टात साहेबांनी एखादा अर्ज नीट न वाचता फेटाळला, तरी आम्ही मान लवून बाहेर येतो आणि बाररूममध्ये चहा घेता घेता तो राग गिळतो. पुढची तारीख त्यांच्यापुढेच असते ना. मीही असा राग पुष्कळ गिळला आहे.

वाद होता तो सीनियर नेमण्याच्या पद्धतीचा. वकील कायद्याच्या कलम १६ प्रमाणे न्यायालय काही वकिलांना सीनियर करतं. त्यांचा गाऊन वेगळा, मान वेगळा आणि फीसुद्धा वेगळी. पण कोणाला करायचं हे न्यायमूर्ती आपसात ठरवायचे, बऱ्याचदा गुप्त मतदानाने. कोणाचं नाव का गळलं, याचं उत्तर कोणाला मिळत नसे. वडिलांची, काकांची वकिली पाठीशी नसलेल्यांना आणि बायकांना त्या दारात किती वेळ उभं राहावं लागलं असेल, ते तूच मनाशी धर. इंदिराबाई स्वतः तेव्हा जवळजवळ तीस वर्षं सीनियर होत्या. या याचिकेतून त्यांना स्वतःला मिळवायचं काहीच नव्हतं. गमवायचं मात्र पुष्कळ होतं, आणि माझ्या लेखी त्यांचं धाडस इथेच आहे.

१२ ऑक्टोबर २०१७ला निकाल लागला. कायमस्वरूपी समिती, नावं जाहीर करून हरकती मागवणं, वकिलीची वर्षं, गाजलेले निकाल, गरिबांसाठी विनामूल्य केलेलं काम, मुलाखत अशी शंभर गुणांची पद्धत आली. जानेवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५६ जणांना सीनियर केलं, त्यांत ११ महिला होत्या. एका यादीत इतक्या बायका आधी कधी नव्हत्या. पण भाषणात हेही सांग, की मे २०२५मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने ही गुणपद्धती बंद केली आणि निर्णय पुन्हा सगळ्या न्यायमूर्तींच्या एकत्र बैठकीकडे सोपवला. काही मिनिटांच्या मुलाखतीत माणूस मोजता येत नाही, या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. तरी मला वाईट वाटलं. गुण चुकले तर निदान बोट ठेवायला जागा असते. मतदान चुकलं तर ते दिसतसुद्धा नाही.

आणखी एक प्रकरण, कारण तू उद्या न्यायाधीशही होशील. ग्वाल्हेरच्या एका महिला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांनी उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींवर छळाचा आरोप केला होता. मुलीचं बारावीचं वर्ष चालू असताना त्यांची बदली दूर सिधीला झाली आणि २०१४ साली त्यांनी राजीनामा दिला. चौकशी समितीला छळाचा आरोप सिद्ध झालेला दिसला नाही, पण बदली नियमाला धरून नव्हती आणि असह्य परिस्थितीत राजीनामा द्यावा लागला, असं त्याच समितीने म्हटलं. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात इंदिराबाई उभ्या राहिल्या. समोर उच्च न्यायालयाच्या बाजूने सॉलिसिटर जनरल. १० फेब्रुवारी २०२२ला न्यायालयाने तो राजीनामा स्वेच्छेचा नव्हता असं ठरवून त्यांना कामावर परत घ्यायला लावलं. मधल्या वर्षांचा पगार नाही मिळाला. निकाल वाचला त्या संध्याकाळी मी ओळखीच्या सगळ्या तरुण न्यायाधीश मुलींना फोन केले.

प्रश्न : दिल्लीतल्या बड्या वकिलांच्या लढाया आम्हाला काय कामाच्या? आमच्या तालुक्याच्या कोर्टात तारखेवर तारीखच पडते.
– एक वाचक, पाटण

उत्तर : दादा, तुमचा राग मला समजतो. तारखांचं दुखणं एका वकिलाने बरं होणारं नाही. पण 'आम्हाला काय कामाच्या' हे मात्र मला मान्य नाही.

मुंबईचंच बघा. १९८१च्या जुलैत, भर पावसात, अंतुले सरकारने फुटपाथवरच्या आणि झोपडपट्टीतल्या लोकांना हटवून आपापल्या गावी धाडायचं ठरवलं. त्याविरुद्ध लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातला एक अर्जदार तामिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळाने काम गेलं म्हणून १९६१ साली मुंबईत आला, दहिसरला केमिकल कंपनीत रोजाने लागला. रोज २३ रुपये. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेला प्लॅस्टिक आणि ताडपत्रीचा आडोसा, तोही झोपडीदादाला अडीच हजार मोजून मिळालेला. झोपडी पाडून त्याला बायकामुलांसकट सेलमच्या गाडीत बसवलं. काही दिवसांनी तो एकटाच परत आला, कारण काम इथेच होतं. आपल्या माणदेशातून, खटाव-माणमधून दुष्काळात मुंबईला गेलेल्यांच्या घरी ही कहाणी कोणाला नवी वाटेल?

या लोकांच्या बाजूच्या वकिलांमध्ये इंदिरा जयसिंग होत्या. १० जुलै १९८५ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. झोपड्या मात्र वाचल्या नाहीत. पावसाळा उलटेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत पाडू नका आणि १९७६च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना दुसरी जागा द्या, एवढीच सवलत मिळाली. फुटपाथवरच्या माणसाच्या पदरात तेव्हा फार थोडं पडलं. पण फेरीवाला असो की धरणग्रस्त, त्यानंतर पोटापाण्याच्या हक्कासाठी भांडणाऱ्या प्रत्येकाच्या वकिलाने हा निकाल टेबलावर ठेवला. कोयनेच्या खोऱ्यात राहणाऱ्याला उठवलं जाणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट तुमच्या खिशात आहे. कोर्टाचं कामकाज लोकांना थेट दाखवा, या मागणीच्या अर्जदारांत कायद्याचा एक विद्यार्थी होता आणि इंदिराबाईही होत्या. २६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. त्या पीठावर न्यायमूर्ती खानविलकर होते आणि यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूडही. अंमल यायला चार वर्षं लागली. २७ सप्टेंबर २०२२ला घटनापीठांचं कामकाज पहिल्यांदा फोनवर दिसलं, त्या दिवशी शिवसेनेच्या दोन गटांचं प्रकरणही होतं. आमच्या बाररूममध्ये त्या दुपारी कोणी जागचं हललं नाही. पाटणच्या चहाच्या टपरीवरही ते पाहिलं गेलं असणार.

प्रश्न : त्यांच्या संस्थेवर परदेशी देणग्यांच्या गैरवापराचा गुन्हा दाखल आहे. मग त्यांचं एवढं कौतुक कशाला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खरं आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. त्यांच्या 'लॉयर्स कलेक्टिव्ह'ची परदेशी देणग्यांची नोंदणी केंद्र सरकारने २०१६ साली रद्द केली. जून २०१९मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला, जुलैत दिल्ली-मुंबईत छापे पडले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना आणि त्यांचे पती, ज्येष्ठ वकील आनंद ग्रोव्हर यांना सक्तीच्या कारवाईपासून तात्पुरतं संरक्षण दिलं. दोघांनी आरोप नाकारले आहेत. आरोप हा आरोप असतो आणि सिद्ध करायची जबाबदारी सरकारपक्षाची. चोरीच्या आरोपीला मी हेच सांगत आले, इंदिराबाईंनाही हेच लागू. छापे पडले तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या, आणि त्यानंतरच ग्वाल्हेरचं ते प्रकरण त्यांनी लढवून जिंकलं. माझं कौतुक त्यासाठी आहे.

प्रश्न : माझ्या बहिणीला सासरच्यांनी घराबाहेर काढलं. घर सासूच्या नावावर आहे, तिचा हक्क नाही म्हणतात. वकिलाला द्यायला पैसे नाहीत.
– एक भाऊ, फलटण

उत्तर : भाऊ, घर कोणाच्या नावावर आहे यावर हे ठरत नाही. इंदिराबाईंच्या संस्थेने ज्याच्या मसुद्यासाठी वर्षानुवर्षं झटून काम केलं, त्या २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. ते घर सासूसासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी नुसत्या मालकीमुळे हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२०मध्ये स्पष्ट केलं. मात्र तुमच्या बहिणीवर हिंसाचार झाल्याचं कोर्टापुढे यावं लागतं. मारहाणच व्हायला हवी असं नाही, शिवीगाळ आणि पैसे रोखून धरणंही त्यात येतं. सासूसासऱ्यांची बाजूही न्यायाधीश ऐकतात, दुसरीकडे भाड्याची सोय करून द्या असाही हुकूम होऊ शकतो.

न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १२चा अर्ज करा. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडूनही तो जातो. अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी अंतरिम आदेश मागा. पैशाची काळजी नको. बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न विचारलं जात नाही. फलटणच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. लग्नाचा पुरावा, त्या पत्त्यावरचं रेशनकार्ड किंवा आधार, डॉक्टरांचा कागद, पोलिसांत काही दिलं असेल तर त्याची प्रत, जे हाताशी असेल ते सोबत घ्या. एखादा कागद सासरीच अडकला असेल तरी जायचं थांबू नका.