नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची आहे, आधी जुनं सिम बंद करू का?

अजिबात नको! पोर्टिंगसाठी जुनं कनेक्शन चालू असावं लागतं. आधीच बंद केलंत तर नंबर कायमचा हातचा जाऊ शकतो. थकलेलं बिल भरून टाका, नाहीतर अर्ज तिथेच अडकू शकतो. मग नव्या कंपनीकडे अर्ज करा. नंबर तिकडे गेला की जुनं कनेक्शन आपोआप बंद होतं.

जुन्या सिमची रेंज गेली की नवं सिम घाला. या मधल्या वेळात ओटीपी येईलच असं नाही, म्हणून बँकेची कामं आदल्या दिवशीच उरका. प्रीपेडचा उरलेला बॅलन्स सोबत येत नाही, तो आधी वापरून घ्या. सिमवर सेव्ह केलेले नंबरही फोनमध्ये कॉपी करून ठेवा, हे हमखास राहून जातं.