नक्षी, नकाशा आणि नक्षा

प्रश्न असा आला आहे: ‘नक्षी’ हा शब्द ‘नक्षत्रा’वरून आला का? ताऱ्यांची मांडणी ती नक्षी, असं कुठेतरी ऐकलंय.

कल्पना गोड आहे, पण खरी नाही. फसवतो तो ‘क्ष’. हे अक्षर दिसलं की आपण डोळे मिटून शब्द संस्कृतात टाकतो. पण ‘बक्षीस’ फारसीतलं आहे आणि ‘रिक्षा’ तर थेट जपानहून आलेली! ‘नक्षी’चं मूळ अरबी ‘नक्श’. अर्थ कोरणं, रंगवणं, ठसा उमटवणं. लहानपणी शिकलेलं म्हणजे दगडावरचं नक्श, अशी अरबीत म्हण आहे. आपली काळ्या दगडावरची रेघ आठवते ना?

फारसीत हा शब्द आणखी ऐसपैस झाला. इराणचा बादशहा शहा अब्बास याने आपल्या राजधानीत, इस्फहानात, सतराव्या शतकाच्या तोंडावर उभारलेल्या भव्य चौकाचं नावच ‘नक्श-ए-जहान’, म्हणजे जगाचं चित्र. त्याच्या पूर्वेला शेख लुत्फुल्लाह मशीद आहे. तिच्या घुमटाच्या आतल्या बाजूला टाइलांमधले लंबगोल वर चढताना लहान लहान होत जातात, त्यामुळे घुमट आहे त्याहून उंच भासतो. हे आधी कागदावर बेतल्याशिवाय जमणारं काम नव्हे.

आणि नेमकं इथेच ‘नकाशा’ येतो. तोही याच घरातला. तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानांच्या दरबारात ‘नक्काशखाना’, म्हणजे चित्रकारांचा कारखाना असे. तिथले नक्काश आराखडे काढत आणि त्याच वळणाची फुलंपानं पोथीच्या समासात, इझनिक या तुर्की गावच्या टाइलांवर, सुलतानाच्या अंगरख्यावर उमटत. म्हणजे आधी रेखाटन, मग हात. मराठीने रेखाटनाला नकाशा म्हटलं, सजावटीला नक्षी. हिंदीतली ‘नक्काशी’ मुख्यतः कोरीव कामाची. आपली नक्षी मात्र लुगड्याच्या काठावर, पितळी डब्याच्या झाकणावर, रांगोळीतही चालते.

जवळचं उदाहरण हवं असेल तर विजापूरला इब्राहिम रोजा ही आदिलशाही सुलतानाची कबर पाहा. तिथल्या काही जाळ्या अरबी अक्षरांच्याच कोरल्या आहेत; दगडातल्या मजकुरातून उजेड आत येतो. इथे लिपी कुठे संपते आणि नक्षी कुठे सुरू होते, हे मला तरी सांगता येणार नाही.

(गंमत म्हणजे इस्लामी नक्षीत आठ, दहा, बारा टोकांचे तारे जागोजागी भेटतात. तेव्हा नक्षत्रवाल्यांनी फार खट्टू होऊ नये. तारे नक्षीत आहेत, शब्दात नाहीत.)

राहिला ‘नक्षा’. ‘चांगलाच नक्षा उतरवला त्याचा’ म्हणतो, तोही याच कुळातला. हिंदीत ‘नैन-नक्श’ म्हणजे चेहऱ्याची ठेवण, जिथे आपण ‘नाकीडोळी नीटस’ म्हणतो. ठेवणीवरून ऐट आणि ऐटीवरून तोरा, असा त्याचा प्रवास झाला असावा असं मला वाटतं. ‘नक्षीदार’मधला ‘दार’ही फारसीच, ‘नक्षीकाम’मधलं ‘काम’ तेवढं आपलं.