पनवेलहून अलिबागला जाताना डावीकडे डोंगरावर अंगठ्यासारखं काय उभं दिसतं? बांधलेलं आहे का? वर जाता येतं का?

तो कर्नाळा किल्ल्याचा सुळका. कोणी बांधलेला नाहीये, अख्खा कातळ आहे, सव्वाशे फुटांच्या आसपास उंच. विचारलंत ते फार बरं केलंत, कारण त्या रस्त्याने कायम जाणाऱ्या कित्येक जणांना कर्नाळा म्हणजे फक्त पक्षी अभयारण्य एवढंच माहीत असतं.

मी पेणचा, त्यामुळे लहानपणापासून सुळका दिसला की पनवेल आलंच असा हिशोब. हायवेने पेणकडे येताना तो डाव्या हाताला असतो, आणि दिवा-रोहा गाडीने आलात तर सोमाटणे-रसायनीच्या पुढे तोच उजव्या खिडकीतून दिसतो, कारण डोंगर रस्ता आणि रेल्वेच्या मधे आहे. एका बाजूने जाड अंगठा वाटतो तर दुसरीकडून बारीक, नवीन माणसाला दोन वेगळे सुळके आहेत असंच वाटतं.

आता तो असा कसा झाला. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात, मग कोकणातला पाऊस, तोही चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर, त्या भेगांत शिरतो, कच्चा दगड आधी झिजतो, कडा सुटून सुटून खाली येतात आणि जो टणक भाग असतो तेवढा उभा राहतो. म्हणजे एके काळी तिथला डोंगरच निदान तेवढा उंच होता, बाकीचा पावसाने नेला. माहुलीचे वजीर, नवरा-नवरी हे सुळके आसनगावच्या बाजूने बघा, तिथेही हाच प्रकार.

इतक्या लांबून दिसतो म्हणजे तिथूनही तितकंच लांबचं दिसतं, आणि किल्ला तिथे असण्याचं कारणच ते. कोकणातल्या बंदरांकडून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर इथून नजर ठेवता यायची. 1670 ला मराठ्यांनी तो मोगलांकडून परत घेतला, 1818 ला इंग्रजांकडे गेला. वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा इथले किल्लेदार होते, आणि वासुदेव बळवंतांचा जन्म 1845 चा, पायथ्याजवळच्या शिरढोणचा. शिरढोण हायवेलाच लागतं, तिथे थांबाच, लोक सुसाट निघून जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

वर जायचं तर अभयारण्याच्या गेटवर तिकीट काढायचं आणि जंगलातून दीड-दोन तासांची चढण. सुळक्याच्या अगदी बुडाशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, एकाला एक लागून, बाहेर ऊन तापलेलं असलं तरी तिथे गार वाटतं. तिथून प्रबळगड, इर्शाळ, माथेरान, माणिकगड सगळं ओळखता येतं, हवा स्वच्छ असली तर मुंबईची खाडीसुद्धा.

सुळक्यावर मात्र आपण चढायचं नाही. ते दोर, हार्नेस घेऊन येणाऱ्या अनुभवी क्लाइंबर लोकांचं काम आहे. आणि एक गोष्ट प्लीज सिरियसली घ्या, सुळक्याच्या कपारींत आग्या माश्यांची मोठाली पोळी लटकलेली असतात, खालून मान वर केली की काळे पट्टे दिसतात ते तेच. परफ्यूम मारून जाऊ नका, वर आरडाओरडा नको, सिगरेट नको, शेकोटी तर अजिबातच नको, दगड भिरकावणारं कोणी ग्रुपमध्ये असेल तर त्याला तिथेच थांबवा. त्या उठल्या तर अरुंद वाटेवर पळायलाही जागा नाही, आणि दरी दोन्ही बाजूंना आहे.

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर ते फेब्रुवारी जा, सकाळी लवकर निघा, पक्षीही तेव्हाच दिसतात. पाणी खालूनच भरून न्या.